सतरंज्या उचलायला नको, यादी हातात द्या

तालुक्याच्या मैदानावरची सभा संपते. नेत्यांच्या गाड्या धूळ उडवत निघून जातात, कुणीतरी माईक बंद करतं, आणि पाच-सहा पोरं खुर्च्या एकात एक घालून सतरंज्या गुंडाळायला लागतात. वडापाव असतो, जमलं तर पेट्रोलचे पैसे असतात. निकालानंतर महिन्याभराने त्यातला एकही जण तिकडे फिरकत नाही. मग आपणच चहाच्या टपरीवर म्हणतो, आजकालच्या पोरांना राजकारणात रसच नाही.

बरीच वर्षं मतदार नोंदणीची शिबिरं घेतली आणि ग्रामसभेला मागच्या रांगेत बसलो, पण हे मला कधी पटलं नाही. पारावर, सलूनमध्ये, एसटीत पोरं राजकारणच बोलत असतात. कोण कुठल्या गटातून कुठे गेला हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असतं. नसतं ते काम. ज्याचा परिणाम डोळ्यांनी दिसेल आणि चुकलं तर जाब द्यावा लागेल, असं काम त्यांना कुणी देत नाही. गावात, कॉलेजात, सोसायटीत किंवा पक्षात ज्यांना तरुण जोडायचे आहेत आणि टिकवायचे आहेत, त्यांच्यासाठी पुढच्या पायऱ्या लिहिल्या आहेत. उदाहरणं महाराष्ट्रातली आहेत, कारण मला तीच माहीत आहेत.

पहिली पायरी: यादी मोजा

भाषण, पोस्टर, रील हे सगळं नंतर. आधी आपल्या भागाची मतदार यादी काढा. ती निवडणूक यंत्रणेच्या संकेतस्थळावर मिळते: जिल्हा, विधानसभा मतदारसंघ, मग भाग क्रमांक (एका मतदान केंद्राची यादी म्हणजे एक भाग). एका पानावर तीन उभ्या रांगांत तीस चौकोन असतात. प्रत्येक चौकोनात अनुक्रमांक, ओळखपत्र क्रमांक, नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, घर क्रमांक, वय. पीडीएफ बहुतेक वेळा चित्ररूपात असते, शोध चालत नाही. त्यामुळे प्रिंट काढायची, पेन घ्यायचं आणि १८ किंवा १९ वय दिसलं की गोल करायचा.

हे काम पोरांनाच द्या. दोन जणांना एक भाग, एक संध्याकाळ. त्या संध्याकाळी जे घडतं ते कुठल्याही व्याख्यानाने घडत नाही. "अरे, आपल्या आळीतल्या एकाचंही नाव नाही," असं कुणीतरी म्हणतं. "आजोबांचं आहे, ते जाऊन सहा वर्षं झाली," असं दुसरा म्हणतो. यादी ही कुठेतरी वरून येणारी वस्तू नाही, ती चुकू शकते आणि आपण ती दुरुस्त करू शकतो, हे तिथेच कळतं.

तुलनेसाठी एक आकडा सांगतो. २०२४ च्या लोकसभेआधी देशाच्या यादीत सुमारे ९६.८८ कोटी मतदार होते, त्यात १८-१९ वयाचे १.८४ कोटी. म्हणजे हजारात साधारण १९. त्या वयाच्या निम्म्याहून जास्त मुलामुलींची नावं यादीत नव्हतीच. तुमच्या भागात हजारामागे १९ भरत नसतील, तर तुम्ही देशाच्या मुळातच कमी असलेल्या सरासरीच्याही खाली आहात.

मुलींची नावं वेगळी मोजा. लग्न होऊन गेलेल्या मुलीचं नाव माहेरच्या यादीत राहतं, सासरी कुणी घालत नाही आणि मत दोन्हीकडे पडत नाही. आडनाव, पत्ता, सगळंच बदललेलं असतं. त्यासाठी नव्याने नोंदणी करायची नसते. नमुना ८ भरून स्थलांतर आणि दुरुस्ती होते.

दुसरी पायरी: अर्ज, आणि अर्जानंतरचं लचांड

मतदानाचं वय २१ वरून १८ झालं ते ६१ व्या घटनादुरुस्तीने, १९८९ मध्ये. पण पुढची बरीच वर्षं यादीसाठी १ जानेवारी ही एकच तारीख धरत. २ जानेवारीला जन्मलेल्याला जवळपास वर्षभर थांबावं लागे. २०२१ च्या कायदादुरुस्तीनंतर वर्षात चार तारखा झाल्या: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. सतरा वर्षं पूर्ण झालेल्यालाही आगाऊ अर्ज करता येतो. म्हणून शिबिर घ्यायचं तर डिग्री कॉलेजात नव्हे, बारावीच्या वर्गात घ्या. बारावीनंतर पोरं चार दिशांना पांगतात.

नव्या नावासाठी नमुना ६. ऑनलाइन भरता येतो किंवा कागदावर बीएलओकडे, म्हणजे त्या भागाची यादी सांभाळणाऱ्या निवडणूक कर्मचाऱ्याकडे, देता येतो. फोटो, वयाचा पुरावा, पत्त्याचा पुरावा आणि घरातल्या एखाद्या मतदाराचा ओळखपत्र क्रमांक जवळ ठेवा. अडकायला होतं ते दोन ठिकाणी. एक म्हणजे नाव. इंग्रजीत टाइप केलं की देवनागरी आपोआप उमटतं आणि 'पाटील'चं 'पटिल' होतं. ते जागच्या जागी वाचून सुधारायचं, नाहीतर पुढे नमुना ८ साठी पुन्हा खेटे. दुसरं म्हणजे पत्ता. घर क्रमांक माहीत नसला की पोरं 'मारुती मंदिराजवळ' लिहून मोकळी होतात. घरपट्टीची पावती मागवून घ्या.

आणि अर्ज भरला म्हणजे झालं, असं समजू नका. आमची चूक सांगतो. एका वर्षी एका कॉलेजात आम्ही दिवसभरात शंभरावर अर्ज भरून घेतले, बॅनरसमोर फोटो काढले, स्टेटसला टाकले. मतदानाच्या दिवशी त्यातली बरीच पोरं केंद्रावरून हात हलवत परत आली. बीएलओ पडताळणीला गेले तेव्हा कुणाच्या दाराला कुलूप होतं, कुणी फोन उचलला नव्हता, कुणाचा फोटो अस्पष्ट म्हणून अर्ज फेटाळला होता. आम्ही परत पाहिलंच नव्हतं. त्यातला एक पोरगा मला म्हणाला, "काका, तुमच्यामुळे सुट्टी काढून आलो." त्यानंतर तो कधी शिबिराला आला नाही, आणि मी त्याला दोष देत नाही.

तेव्हापासून एक शंभर पानी वही ठेवतो. त्यात रकाने असे: नाव, मोबाइल, अर्जाचा संदर्भ क्रमांक, भाग क्रमांक, बीएलओचा फोन, पडताळणी झाली का, यादीत नाव दिसलं का. शेवटचा रकाना भरल्याशिवाय त्या नावावर टिकमार्क नाही. वही एका पोराकडे किंवा पोरीकडे सोपवायची, तुम्ही फक्त दर पंधरवड्याला बघायची. स्थिती ऑनलाइन दिसते. अडलंच तर १९५० हा क्रमांक आहे आणि तहसील कार्यालयातली निवडणूक शाखा आहे.

वसतिगृहातल्या मुलांचा प्रश्न हमखास येतो. नाव गावाकडे ठेवायचं की शिकतोय तिथे? मान्यताप्राप्त, किमान वर्षभराच्या अभ्यासक्रमाचा विद्यार्थी दोन्हीपैकी कुठेही नोंदवू शकतो. वसतिगृहाच्या पत्त्यासाठी कॉलेजचं बोनाफाइड लागतं. दोन ठिकाणी मात्र नाही, तो गुन्हा आहे. माझा सल्ला विचाराल तर मतदानाच्या दिवशी तू खरोखर कुठे असशील, ते धर. गावाची ओढ सगळ्यांना असते, पण मंगळवारी प्रॅक्टिकल असताना सोलापूरची गाडी कुणी पकडत नाही.

तारखांचं एक दुखणं पोरांना आधीच सांगून ठेवा. लोकसभा-विधानसभेला उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या दिवसानंतर यादीत नाव घेता येत नाही, म्हणून त्याच्या दहा-बारा दिवस आधीच अर्ज गेलेला बरा. स्थानिक निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. तो विधानसभेचीच यादी वापरतो, पण एका ठरावीक तारखेची. नगरपालिका आणि महापालिकांच्या अलीकडच्या निवडणुका झाल्या त्या डिसेंबर २०२५ आणि जानेवारी २०२६ मध्ये, पण यादी धरली १ जुलै २०२५ ची. ऑगस्टमध्ये अठरा पूर्ण केलेल्या पोराने ऑक्टोबरच्या तारखेला नाव घातलं, तरी त्याला नगरसेवक निवडता आला नाही. हे कुणी समजावून सांगितलं नाही तर 'माझं नाव मुद्दाम कापलं' अशी समजूत होते आणि ती आयुष्यभर राहते.

तिसरी पायरी: पहिलं मत

हे थोडक्यात. आदल्या दिवशी प्रत्येकाला त्याचं केंद्र, भाग आणि अनुक्रमांक पाठवा. घरी वाटलेली स्लिप ओळखीचा पुरावा म्हणून चालत नाही. मतदार ओळखपत्र नसेल तर आधार, पॅन, वाहन परवाना यांपैकी काहीतरी लागतं. मोबाइल आत नेता येत नाही, म्हणून पोरं केंद्रावरून चिडून परत फिरतात. चार जणांनी मिळून जावं, आळीपाळीने एकाने बाहेर फोन सांभाळावेत.

स्थानिक निवडणुकीत बटणं किती दाबायची याचा गोंधळ मोठ्यांचाही होतो. मुंबई महापालिकेत एक प्रभाग, एक नगरसेवक, एक मत. पुण्यासारख्या महापालिकेत चार सदस्यांचा प्रभाग असेल तर मतं चार. जिल्हा परिषदेला एक मत गटासाठी, एक पंचायत समितीच्या गणासाठी. ग्रामपंचायतीत वॉर्डातल्या सदस्यांसाठी वेगळी आणि थेट सरपंचासाठी वेगळं. फळ्यावर चौकोन काढून पाच मिनिटांत समजावता येतं.

"कुणीच नको असेल तर?" हा प्रश्न दर वेळी येतो, आणि विचारणारा शहाणाच असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाने नोटा आलं. महाराष्ट्रात तर स्थानिक निवडणुकीत नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तर फेरनिवडणूक घ्यावी, असा आदेश राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये काढला. हे सांगितलं की वादावादी होते. होऊ द्या.

चौथी पायरी: निकालानंतरचे चार महिने

बहुतेकांची गाडी इथे रुळावरून घसरते. गुलाल धुतला गेला की पोरांना पुढच्या निवडणुकीपर्यंत कुणी फोन करत नाही. मी उलटं म्हणतो. निवडणुकीआधी एक तास देता आला तर निकालानंतर तीन द्या.

एक प्रश्न निवडा. एकच. 'गावाचा विकास' हा प्रश्न नाही. 'शाळेपासून स्टँडपर्यंतचे सात दिवे बंद आहेत', हा प्रश्न आहे.

गावात असाल तर ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर आपली ग्रामपंचायत उघडा. कुठल्या वर्षी आराखड्यात कोणतं काम होतं, किती मंजूर झालं, किती खर्च पडला, हे तिथे दिसतं. आमच्याकडे चार पोरांनी त्यातलं एक गटाराचं काम निवडलं. कागदावरची लांबी एका चिठ्ठीवर लिहून घेतली, हार्डवेअरच्या दुकानातून टेप उसनी आणली आणि भर दुपारी गटाराच्या कडेने मोजत गेली. एक जण टेपचं टोक धरून वाकलेला, दुसरा वहीत लिहितोय, तिसरा मोबाइलवर फोटो काढतोय, आणि आजूबाजूच्या बायका ओट्यावरून विचारतायत, "काय रे, नवीन गटार होणारे का?" मोजणी कमी भरली. त्या पोरांनी आरडाओरडा केला नाही, कारण त्यांना पुढचं काम माहीत होतं. ग्रामसभेला यायचं होतं.

ग्रामसभेचे नियम त्यांना तोंडपाठ हवेत. आर्थिक वर्षात किमान चार सभा घ्याव्या लागतात. बहुतेक गावांत त्या १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारीच्या आसपास होतात. गणपूर्तीला (कोरमला) मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांतली कमी संख्या लागते. नेमकी मेख इथे आहे. माणसं जमली नाहीत म्हणून सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. मग आठ दिवसांनी पंधरा माणसांत सगळं मंजूर. तेव्हा पोरांना सांगायचं, पहिल्या सभेला गर्दी करा आणि तहकूब झालीच तर दुसरीला नक्की या. प्रश्न आधी लेखी द्या, पोच घ्या. तोंडी विचारलेला प्रश्न हवेत जातो. उत्तर मिळालं की ते इतिवृत्तात लिहिलं का, ठरावाला सूचक कोण, अनुमोदक कोण, हे तिथेच वाचून घ्या. गटाराच्या प्रश्नाला सभेत दहा मिनिटं तणाव झाला, मग ठेकेदाराकडून उरलेलं काम करून घेण्याचा ठराव झाला. काम पूर्ण व्हायला पाच महिने लागले. त्या चारपैकी तीन पोरं आजही येतात.

ही पद्धत मी शोधलेली नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने अभ्यासगटाची रीत पाडली: आधी एखाद्या विषयाचा एकत्र बसून अभ्यास करायचा, बाहेरच्या जाणकाराला बोलवायचं, पण निर्णय गावाने सर्वसहमतीने घ्यायचा. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा सगळे सांगतात. तिच्यामागे वर्षानुवर्षांचं बसून वाचणं आहे. ते क्वचित कुणी सांगतं. त्यातूनच त्यांनी २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. आठवड्यातून एक तास, एक जीआर, सगळ्यांनी मोठ्याने वाचायचा, एवढ्यावर सुरुवात होते.

शहरात ग्रामसभा नसते, आणि तिथे हे काम अवघड आहे हे मान्य. २०२४ च्या विधानसभेला करवीरमध्ये ८४ टक्क्यांच्या वर मतदान झालं आणि कुलाब्यात जेमतेम ४४. कोल्हापूरचं पाणीच वेगळं म्हणून सोडून देता येईल. पण ज्या शहरात महापालिकेची २०१७ नंतरची निवडणूक थेट २०२६ मध्ये होते, तिथल्या पंचविशीतल्या पोराला नगरसेवक कशासाठी असतो हे कळायचं तरी कुठून? शहरांत दोन हत्यारं उपयोगी पडतात. पुणे महापालिकेने २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी छोट्या कामांच्या सूचना घ्यायला सुरुवात केली. पदपथ, बाक, दिवे अशा कामांची सूचना भरून द्या आणि पुढच्या अंदाजपत्रकात ती शोधा. दुसरं, माहिती अधिकार: दहा रुपये, तीस दिवस, आणि महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एक विषय, दीडशे शब्दांच्या आत. पोरांना दीडशे शब्दांत नेमकं विचारायला शिकवणं हे राजकीय शिक्षणच आहे. 'सर्व माहिती द्यावी' असं लिहिलं की काहीच मिळत नाही.

पाचवी पायरी: पक्षात असाल तर

पक्षात जाणं वाईट नाही. 'आम्ही राजकारण करत नाही, समाजकारण करतो' हे वाक्य मला कधीच फारसं आवडलं नाही. फक्त नव्या पोराला काय देता ते पाहा. त्याला पोलिंग एजंट करा. मतदान सुरू होण्याआधी किमान ५० मतं टाकून होणारा मॉक पोल तो पाहील, दिवसभर यादीवर खुणा करील, संध्याकाळी नमुना १७सी ची, म्हणजे केंद्रावर किती मतं पडली त्या हिशेबाची, प्रत सही करून घेईल. मतमोजणीच्या दिवशी तोच कागद हातात धरून आकडा जुळतो का ते पाहील. यंत्राबद्दलच्या शंका व्हॉट्सअॅपवर पसरवण्यापेक्षा हे जास्त कामाचं. बैठकीत त्याला तीन मिनिटं बोलू द्या, आणि तो बोलताना तुम्ही फोन बघू नका.

गुन्ह्यांबद्दल स्पष्ट बोला. रास्ता रोकोला पुढे उभा केलेला पोरगा पोलिस भरतीची तयारी करत असतो. गुन्हा नोंद झाला की चारित्र्य पडताळणीत त्याची फरफट होते आणि तेव्हा नेता फोन उचलत नाही. ज्याला स्पर्धा परीक्षा द्यायची आहे त्याला वही द्या, अर्ज द्या, रस्त्यावर उभं करू नका. निदान धोका सांगून मग त्याला ठरवू द्या. पैशांचंही तसंच. तहसीलला जायचं एसटीचं भाडं कोण देणार, हे आधी ठरवा. गरीब घरातली पोरं याच एका कारणाने गळतात आणि लाजेने सांगत नाहीत.

मुलींसाठी बैठक संध्याकाळी आठला ठेवू नका. स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांच्या आहेत आणि ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला उभं राहायला एकवीस वर्षं पुरतात. म्हणजे आज वही सांभाळणारी एकोणीस वर्षांची मुलगी दोन वर्षांनी स्वतः अर्ज भरू शकते. तिला उमेदवारी अर्ज, शपथपत्र, खर्चाची वही यांची ओळख आत्तापासून करून द्या, म्हणजे पुढे सरपंचपती सह्या करायला येणार नाही. ही गोष्ट नवी नाही. हिवरे बाजारच्या तरुणांनी १९८९ मध्ये पोपटराव पवारांना सरपंचपदासाठी पुढे केलं, तेव्हा गावातले ते एकटे पदव्युत्तर शिकलेले होते. पुढे ते आदर्श गाव म्हणून गाजलं, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याआधीच्या, 'तू उभा राहा' म्हणत मागे लागलेल्या पोरांची नावं मात्र कुणाला माहीत नाहीत.

कॉलेजच्या निवडणुकांवर फार विसंबू नका. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका गेल्या, २०१६ च्या कायद्याने त्या परत आल्या त्या कागदावर. प्रत्यक्षात त्या पुढेच ढकलल्या जातायत.

शेवटची पायरी: वही पुढे द्या

पोरं जाणारच. कुणाला चाकणला नोकरी लागते, कुणाचं लग्न होतं, कुणी दिल्लीला क्लास लावतं. त्यांना 'सोडून गेला' म्हणू नका. बाहेर गेलेल्याला दूरवरून जमेल ते द्या: संकेतस्थळावरचे आकडे काढणं, माहिती अधिकाराचा अर्ज तपासून देणं. ग्रुपवर दोनच नियम ठेवा: सुप्रभात नाही आणि फॉरवर्ड नाही, फक्त चालू कामाचं काय झालं ते.

आणि वही हातात हात देऊन सोपवा. ग्रुपवर फोटो टाकून नाही. जुन्याने नव्याला सोबत घेऊन एकदा तहसीलच्या निवडणूक शाखेत जावं, बीएलओंची गाठ घालून द्यावी, कुठला लिपिक जेवणाच्या सुट्टीनंतरच भेटतो तेही सांगावं. आमच्या वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला आता सहा जणांची अक्षरं आहेत. सगळ्यात खालचं अक्षर अकरावीतल्या एका मुलीचं आहे. तिला अजून मताचा अधिकार नाही. सतरा पूर्ण झाल्यावर तिने स्वतःचा नमुना ६ भरला, आणि वहीत आपल्या नावापुढचा शेवटचा रकाना कोरा ठेवलाय.